ट्रॉलीलाही ब्रेक हवा

महोदय,

संत्र्याचा आंबिया बहार, कापूस आणि सोयाबीन एकाच हंगामात निघतात आणि काटोल, कळमेश्वर, उमरेडकडून नागपूरला येणाऱ्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्या वाढतात. त्यांतल्या कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळा भार ट्रॅक्टरने थांबवायचा, हे गणित धोक्याचं आहे.

दोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे मालासकट पाच टनांची ट्रॉली, असे सात टन झाले. ब्रेक मात्र बहुतेक ट्रॅक्टरांना मागच्या दोनच चाकांना असतात. ताशी 30 किमी वेगात नुसता ट्रॅक्टर 10 मीटरमध्ये थांबत असेल, तर तेवढ्याच ब्रेकवर सात टनांना 35 मीटर लागतील. पाय पॅडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले 8 मीटर वेगळेच. वेग 20 ठेवला तर 35 चे 16 मीटर होतात. भरल्या ट्रॉलीला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

शेतातून डांबरी रस्त्यावर येताना हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे दोन्ही ब्रेक पॅडल जोडणारं लॉक. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, वळताना एकाच चाकाचा ब्रेक लागतो म्हणून ते उघडं ठेवतात. रस्त्यावर ते तसंच राहिलं आणि घाईत पाय एकाच पॅडलवर पडला, तर ट्रॅक्टर जागीच एका बाजूला ओढला जातो आणि मागून ट्रॉली त्याला आडवा ढकलते. लॉक लावूनही दोन्ही बाजूंचा खेळ, म्हणजे ब्रेक धरण्याआधी पॅडल जेवढं मोकळं दबतं ते अंतर, सारखा नसेल तर हेच होतं. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने दोन्ही पॅडलचा खेळ जुळवून घ्यावा आणि रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का ते पाहावं.

उड्डाणपुलाचा असो की घाटाचा, उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्यावा. चढताना जो लागला असता तोच उतरताना. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा क्लच दाबून ठेवणं म्हणजे इंजिनाचा अटकाव सोडून देणं. मग सगळं ओझं ब्रेकवर येतं, ब्रेकचं लायनिंग (घासून पकड देणारं अस्तर) तापतं आणि पॅडल दाबूनही पकड मिळत नाही. क्लच अगदी थांबताना दाबावा. ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना लावावा. पावसात टायरच्या गोट्यांत (उंचवट्यांमध्ये) काळी माती भरलेली असेल तर रस्त्यावर येण्याआधी ती काढावी, कारण ओल्या डांबरावर तशी चाकं घसरतात.

माल कसा भरला यावरही ब्रेक अवलंबून असतो. दोन चाकी ट्रॉलीत वजन मागे गेलं की ट्रॅक्टरला जोडणारा दांडा वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि त्यांची पकड जाते. फार पुढे भरलं तर पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग लागत नाही. वजन आसाच्या थोडं पुढे असावं. चारचाकी ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरवर जवळपास येतच नाही, म्हणून तिला स्वतःचा ब्रेक सर्वांत जास्त गरजेचा.

ट्रॉलीचा ब्रेक हवेचा असो, हायड्रॉलिक असो की दांड्याच्या रेट्यावर लागणारा, त्याने डाव्या-उजव्या चाकांना सारखं धरलं पाहिजे. ट्रॅक्टरवरून चालणारा असेल तर तो ट्रॅक्टरच्या किंचित आधी लागावा, म्हणजे ट्रॉली मागून ढकलण्याऐवजी ओढून धरते. हबचं सील गळून लायनिंगला ग्रीस लागलं की ते चाक धरत नाही. अशा वेळी नुसतं पुसून भागत नाही, सील आणि लायनिंग दोन्ही बदलावं. हुकाच्या पिनेला क्लिप हवी, तिच्या जागी तारेचा तुकडा नको. पिन निसटली तर दांडा जमिनीत रुतू नये म्हणून साखळीही हवी.

ट्रॉली उभी करताना चाकाखाली ठेवायला लाकडी ठोकळा सोबत असावा. रस्त्यातला दगड लावला तर निघताना तो तिथेच राहतो आणि रात्री मागून येणाऱ्या दुचाकीला आडवा येतो.

बाजार समित्यांना आमची एक विनंती आहे. गेटवर वजनकाट्यासाठी ट्रॉली थांबतेच. तिथेच पॅडलचं लॉक, हुकाची पिन, साखळी आणि ट्रॉलीचा ब्रेक पाहायला एक जाणता मेकॅनिक हंगामापुरता तरी नेमावा. दर गाडीला दोन-तीन मिनिटं लागतील.

— ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामातले काही वाचक, नागपूर