व्हीलचेअर खेळाडूंना शिलारूला पाठवा, पण धावपटूंचं वेळापत्रक देऊन नको

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

हिमाचलमध्ये शिलारूला, सुमारे आठ हजार फुटांवर, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं प्रशिक्षण केंद्र आहे. विरळ हवेत तीन-चार आठवडे राहिलं की मूत्रपिंडातून इपीओ हे संप्रेरक जास्त सुटतं, तांबड्या पेशी वाढतात आणि खाली उतरल्यावर दम टिकतो. अर्थात अंगात लोह पुरेसं असेल तर. भारताच्या पॅरिसमधल्या २९ पॅरालिम्पिक पदकांत व्हीलचेअर शर्यतीचं एकही नव्हतं. त्या खेळाडूंनाही ही उंची मिळावी, पण त्यांच्या शरीराच्या हिशेबाने.

मानेच्या मणक्याला इजा असलेल्या खेळाडूची नाडी कितीही जोर लावला तरी १२०-१३०च्या पुढे क्वचितच जाते. मनगटावरचं घड्याळ बघून सराव ठरवणारा प्रशिक्षक तिथे हमखास फसतो. इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही की हुडहुडी भरत नाही. शिलारूची गारठ्याची संध्याकाळ अशा शरीराला फार महागात पडू शकते.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पाण्याची. उंचीवर लघवी जास्त होते, कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं, म्हणून डॉक्टर भरपूर प्यायला सांगतात. कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची नळी, वापरणारा खेळाडू नेमकं उलट करतो. स्वच्छतागृह लांब असेल, दारात पायरी असेल, तर तो पाणीच कमी पितो. मग मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ठरलेलाच. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकदम भडकतो आणि डोकं ठणकायला लागतं. शिबिरात ही डोकेदुखी ‘उंची लागली’ म्हणून गोळीवर भागवली जाण्याचा धोका आहे. खरा उपाय म्हणजे खेळाडूला ताठ बसवून ताबडतोब मूत्राशय रिकामं करणं. शिलारूच्या प्रत्येक मदतनिसाला हे पाठ असायला हवं.

आता मनाचं. उंचीवरच्या पहिल्या काही रात्री श्वास अडखळतो, झोप तुटते, माणूस चिडचिडा होतो, कशातच राम वाटत नाही. मानेच्या इजेत झोपेतले श्वासाचे त्रास एरवीही जास्त. अशा वेळी ‘पोरगं मनाने खचलं’ असा शेरा मारणं सोपं असतं. खेळात मनःस्थितीच्या प्रश्नावल्या कित्येक दशकं वापरात आहेत. रोज सकाळी खेळाडूच्या भाषेत अशी एक छोटी प्रश्नावली, सोबत झोपेचे तास आणि ऑक्सिजनची पातळी, एवढं तर लिहून घ्या. या नोंदी निवड समितीपासून मात्र लांब ठेवा, नाहीतर सगळेच ‘एकदम मस्त’ लिहितील.

या विषयावरचं संशोधन तुटपुंजं आहे. ३,९०० मीटरवर झालेला एक अभ्यास तर एकाच व्यावसायिक व्हीलचेअर खेळाडूवर बेतलेला आहे. म्हणजे आपल्या शिबिराच्या नोंदी जगालाही उपयोगी पडतील.

ग्वाल्हेरला दिव्यांग खेळाडूंसाठी केंद्र उभं आहेच. चढण्याआधीच्या चाचण्या तिथे घ्या, लोहाची तपासणी धरून. आणि खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळेपणा आलेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रातल्या मंडळींना बोलवा. १९६५च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. तशाच जखमी जवानांना खडकीत रोज सांभाळलं जातं. पहिलं शिबिर चार-पाच खेळाडूंचंच असू द्या. त्याआधी शिलारूच्या पायऱ्या तेवढ्या काढून टाका.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, पुणे