ऑनलाइन शिक्षणाला गावात खोली आणि माणूस द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन शिक्षणाच्या वाढीची चर्चा सुरू झाली की किती अभ्यासक्रम आले, किती विद्यापीठांना परवानगी मिळाली, किती जणांनी नावे नोंदवली, हेच आकडे पुढे येतात. त्यांतले किती जण शेवटपर्यंत टिकले, हे मात्र कोणी विचारत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या तालुक्याच्या गावातील अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षे समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारा शिक्षक, म्हणून काम केले. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे, की ऑनलाइन शिक्षणाचे भवितव्य ॲपवर ठरणार नाही. विद्यार्थ्याच्या गावाजवळ बसायला एक खोली आणि विचारायला एक माणूस आहे की नाही, यावर ते ठरेल.

नावे नोंदवणे फार सोपे आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतील दोन नामांकित संस्थांनी २०१२ मध्ये एडएक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू केले, तेव्हा जगातले उत्तम शिक्षण आता कोणालाही घरबसल्या मिळेल, असे वातावरण होते. या दोन संस्थांच्या अभ्यासक्रमांची पुढील सहा वर्षांची माहिती संशोधकांनी तपासली, तेव्हा २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे दिसले. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे व्हिडिओ तेच, शिकवणारे तेच. फरक पडला तो विद्यार्थी किती बांधला गेला होता याने. आपल्याकडच्या गरीब विद्यार्थ्याला फी आकारून बांधणे हा काही मार्ग नाही. त्याला दुसऱ्या रीतीने बांधून घ्यावे लागेल, आणि ती रीत महाराष्ट्राला ठाऊक आहे.

नाशिकला १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. स्वयंअध्ययनाची पुस्तके तर होतीच, पण त्यांच्या जोडीला गावोगावी अभ्यासकेंद्रे होती, संपर्कसत्रे होती, केंद्रसंयोजक होते. आमच्या केंद्रावर रविवारी वर्ग भरत. बारावी न झालेल्या, पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीला आलेल्या बायका असत. एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई असत. पुस्तक पुष्कळ जण घरी उघडतही नसत, हे मी जवळून पाहिले आहे. पण रविवारी केंद्रावर यायचे आहे, शेजारच्या गावची मैत्रीण येणार आहे आणि सर स्वाध्याय मागणार आहेत, म्हणून शनिवारी रात्री चार पाने वाचली जात. सलग दोन रविवार कोणी आले नाही तर संयोजक घरी निरोप धाडत. सासरच्या मंडळींशी बोलून एखादीचे शिक्षण पुन्हा सुरू करून देणे हेसुद्धा त्यांनीच अंगावर घेतलेले काम होते. हे कुठल्याही सॉफ्टवेअरला जमणारे नाही.

पुढे २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा आली. त्या उपक्रमामागेही डॉ. ताकवले यांचे मार्गदर्शन होते. शिकवणारा मजकूर संगणकावरच होता, पण तो घरी बसून पाहायचा नव्हता. ठरलेल्या वेळी केंद्रावर जायचे, आपल्या तुकडीबरोबर बसायचे, अडले की तिथल्या माणसाला हाक मारायची. लाखो मराठी मुलामुलींच्या हाताला माऊसची सवय अशी लागली. खेड्यातल्या कित्येक घरांत संगणक पोहोचण्याच्या आधी मुलीकडे संगणकाचे प्रमाणपत्र पोहोचले.

२०२० साली मात्र शाळा बंद पडल्या आणि शिक्षण एकदम घरातल्या एका फोनवर येऊन पडले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता. ग्रामीण भागातल्या शालेय शिक्षणाच्या २०२० च्या ‘असर’ पाहणीत सुमारे ६२ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे यांत मोठे अंतर आहे. फोन वडिलांबरोबर रानात किंवा कामावर जाई. रात्री तो परत आला की आधी भावाला मिळे, मग बहिणीला. शिक्षकांनी जिवापाड मेहनत घेतली, सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’सारख्या कार्यक्रमांनी मोठा आधार दिला, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. तरीही जी मुले मागे पडली ती बहुतेक अशी होती, की ज्यांच्या घरी ‘हे असे का?’ विचारायला शिकलेले कोणी नव्हते.

आता उच्च शिक्षणाकडे येतो, कारण पुढची वाढ तिथेच होणार आहे. केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. आधी ही मर्यादा २० टक्के होती. २०२२ मध्ये मान्यताप्राप्त ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीला समकक्ष असल्याचे आयोगाने स्पष्ट केले. ही दारे उघडली याचा मला मनापासून आनंद आहे. गडचिरोलीतल्या मुलाला आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता यावे, यासारखी चांगली गोष्ट नाही.

चिंता वाटते ती वेगळ्या कारणाने. आपल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर कसाबसा कारभार चालतो. अशा वेळी हे ४० टक्के म्हणजे पद न भरण्याची सोय ठरू नये. विषयाला शिक्षक नाही, मग मुलांना ‘स्वयम’वर नाव घालायला सांगा, असे झाले तर मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी व्याख्यानासमोर एकटी पडतील. व्याख्यानांचे मराठी भाषांतर होऊ लागले आहे, ते स्वागतार्ह आहे; पण छापील ओळ समजली नाही तर तिला प्रतिप्रश्न करता येत नाही. ‘स्वयम’चा विषय घेणाऱ्या प्रत्येक तुकडीला त्याच महाविद्यालयातला एक शिक्षक जोडून द्यावा आणि तो वेळ त्याच्या कार्यभारात धरावा, अशी अट विद्यापीठांनी घालायला हवी.

आणि खोलीचे काय? ती नव्याने बांधायची गरज नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात हजारो अनुदानित ग्रंथालये उभी आहेत, त्यांतली पुष्कळशी खेड्यांत. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाची अवस्था काय असते ते वाचकांना माहीत आहे: दोन कपाटे, एक टेबल, संध्याकाळी दोन-तीन तास उघडणारे दार आणि नाममात्र मानधनावर राबणारा ग्रंथपाल. पण मुलीला घराबाहेर बसून अभ्यास करण्यासाठी गावात घरच्यांच्या विश्वासाची जागा बहुधा तीच असते. तिथे चांगले इंटरनेट, चार-पाच संगणक, रात्री नऊपर्यंत दिवा आणि ऑनलाइन शिकणाऱ्यांची विचारपूस करणारा सुशिक्षित सहायक द्यावा. या सहायकाला मानधनाचे तुकडे नकोत, नीट पगार द्यावा. संगणक एकदा आणून ठेवले की खर्च संपला, असे समजण्याची सरकारी सवय इथे चालणार नाही. सगळी भिस्त त्या माणसावर आहे.

राज्याच्या शिक्षण आणि ग्रंथालय खात्यांनी एकत्र बसून येत्या वर्षी निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात याची सुरुवात करावी. सोबतच ऑनलाइन पदवी देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला, किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यांतल्या किती जणांच्या हाती पदवी पडली, हे जिल्हावार जाहीर करणे बंधनकारक करावे. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी हा आकडा पालकांना दिसला पाहिजे.

आपला नम्र,
एक निवृत्त समंत्रक,
जि. सातारा