गोळ्या दिल्या, सांगितले कोणी?

महोदय,

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या १८० गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, तरीही! गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली, तर लोह नीट शोषले जात नाही. गोळीमुळे शौचाला काळे झाले की घाबरून कितीतरी जणी पाकीट फडताळात टाकतात. हे समजावते ती नर्स. डॉक्टरांना तेवढी फुरसत कुठली? पण तीच रजिस्टर आणि मोबाइलवरच्या नोंदींत अडकलेली असते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी असते. त्या दिवशी एका नर्सला फक्त बोलण्यासाठी मोकळे ठेवावे. सोबत सासूबाईंनाही बसवावे, कारण घरात चहा कधी होतो हे बहुधा त्याच ठरवतात. नवविवाहितांनाही बोलवावे. फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासून हवे. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच घातला जातो, तोवर पाळी चुकल्याचेही अनेकींच्या नीट लक्षात आलेले नसते.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा