तीसपैकी नऊ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अर्थशास्त्राच्या इंटर्नल परीक्षेचे गुण "तीसपैकी नऊ" म्हणालीस आणि पुढच्याच वाक्याला मेसच्या भाजीवर घसरलीस. मी अडवलं नाही. शेजारी बाबा होते, आणि तुला फोन ठेवायची घाई झालीय हे आवाजावरून कळत होतं. म्हणून हे पत्र लिहितेय.

नऊ गुणांचं मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण त्याहून जास्त खटकलं ते तुझं नंतरचं वाक्य : "आई, मी चॅप्टर तीनदा वाचला होता." हे वाक्य माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, आणि म्हणणारं मूल खोटं बोलत नसतं. तीनदा वाचलं की चौथ्यांदा ते पान ओळखीचं वाटतं, आकृती डोळ्यांसमोर येते, आणि आपल्याला येतंय असं वाटायला लागतं. पेपरात मात्र पान समोर नसतं.

बी.एड.ला आम्हाला एबिंगहाउस होता. हा जर्मन माणूस निरर्थक अक्षरं पाठ करून आपण किती विसरतो ते स्वतःवरच मोजत बसला आणि 1885 साली त्याने ते छापलं. आम्ही त्याचा तो विसरण्याचा आलेख परीक्षेपुरता पाठ केला आणि त्याच्याच नियमाने विसरलो. दुसरा प्रयोग मला जास्त पटतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी तो 2006 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते, मनू.

करायचं काय ते तुझ्याच विषयातलं घेऊन सांगते. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, ती तुला येते. बारावीत तू मला ओट्यापाशी उभी राहून समजावलीस. मीठ कितीही महागलं तरी आजी आमटीत तेवढंच घालणार, टोमॅटो महागला की चिंचेवर भागवणार. तेव्हा तुझ्या हातात पुस्तक नव्हतं. आता संध्याकाळी मेसला जायच्या आधी वही मीट, कोरा कागद घे आणि त्या दिवशीच्या तासाचं आठवेल ते लिही. टोमॅटो 20 रुपयांचा 22 झाला, म्हणजे 10 टक्के. मागणी 100 किलोची 80 वर आली, म्हणजे 20 टक्के. 20 भागिले 10, लवचिकता 2. मग एक पाऊल पुढे जा : विकणाऱ्याच्या हातात आधी 2000 पडत होते, आता 1760. भाव वाढवून त्याचं नुकसानच झालं. मिठाचं असं का होत नाही, ते दोन ओळींत. कुठे अडलीस तिथे गोल कर आणि मग वही उघड. वीस मिनिटांत होतं. रविवारी तोच कागद न बघता पुन्हा एकदा. जिथे गोल केलास तेवढंच तुला येत नाही. सगळा धडाच येत नाही असं नाही.

आणि ती पिवळ्या मार्करने रंगवायची सवय सोड. तुझ्या बारावीच्या पुस्तकात रंगवायचं राहिलेलं पान मला सापडलं नव्हतं.

इंग्रजीचं जरा सविस्तर लिहिते, कारण तुझे निम्मे गुण तिथे गेले असा माझा अंदाज आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीने एकदम इंग्रजी माध्यमाचं बी.ए. घेतलं की पहिलं सत्र डोक्यावरून जातंच. यावर क्लासची गरज नाही. उद्याचा धडा आज रात्री मराठीतून वाच, बारावीचं पुस्तक आहे, मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे. संज्ञा अडली तर भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्राचा परिभाषा कोश बघ. डोक्यात मुद्दा आधीच असला की वर्गात फक्त इंग्रजी पकडायचं राहतं. मुद्दा आणि भाषा दोन्ही एकदम पकडायला गेलीस की दोन्ही निसटतात. उत्तरं मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच लिही, मोडकी का होईना. मराठीत लिहून परीक्षेच्या आदल्या रात्री भाषांतर करू म्हणशील तर ते जमणार नाही.

आता तासांचा हिशोब. गणिताच्या बाईची मुलगी आहेस, वाचावा लागेल. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे अभ्यासाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट (श्रेयांक) धरलेत, म्हणजे एका क्रेडिटला 30 तास. थिअरीच्या विषयात त्यातले 15 तास वर्गात होतात. उरलेले 15 कोणाच्या माथी? तुझे सत्राचे 22 क्रेडिट, म्हणजे 660 तास. आठवडे 15 धरले तर आठवड्याला 44, त्यातले 22 वर्गातले आणि 22 तुझे. (प्रॅक्टिकलवाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांचे तास वर्गातच जास्त जातात.) दिवसाला तीन तासांच्या थोडं वर. फार नाही. पण वेळापत्रकावर फक्त पहिले 22 छापलेले असतात, त्यामुळे दुपारी एकला कॉलेज सुटलं की सुटलो असं वाटतं.

उलट सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका बघून घाबरूही नकोस. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे बारा-बारा तास बसतात, खुर्चीचं भाडं भरून. त्यांची परीक्षा वेगळी, त्यांचा ताण वेगळा. त्यांच्याकडे बघून रात्री दोनपर्यंत जागलीस आणि सकाळच्या पहिल्या तासाला डुलक्या काढल्यास, तर हाती काय आलं?

खरं सांगायचं ते पुढे आहे. आमच्या हायस्कुलात एखादं मूल मागे पडलं की आम्ही त्याच्या मागे लागतो. वही तपासतो, पालकांना बोलावतो, नाहीच ऐकलं तर घरी जातो. माणसारख्या तालुक्यात ते जमतं. पुण्यात तुझ्या वर्गात शंभरच्या वर पोरं आहेत, सरांना तुझं नावही ठाऊक नसेल. ते वाईट आहेत म्हणून नाही. तिथली रीतच अशी आहे की मदत आहे, पण ती चालत तुझ्यापर्यंत येत नाही. तूच उठून जायचं. हे तुला कोणी सांगितलं नसेल असं नाही, नव्या मुलांसाठी सुरुवातीला जो दीक्षारंभ कार्यक्रम झाला त्यात सांगितलं असेल. पण त्या दिवशी तुम्ही सगळ्या मागच्या बाकांवर बसून ग्रुपचे फोटो काढत होतात, ते मला स्टेटसवर दिसले.

तर आधी नोटीस बोर्डावर तुझा मेंटॉर कोण ते बघ. बहुतेक कॉलेजांत वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक नेमलेला असतो, आणि निम्म्या मुलांना तो कोण हे तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नसतं. मग ज्या सरांचा पेपर होता त्यांना गाठ. तास संपल्यावर दारात नको, तिथे गर्दी असते आणि त्यांना पुढचा तास असतो. स्टाफ रूममध्ये जा, वेळ विचारून जा, आणि उत्तरपत्रिका घेऊन जा. "सर, मला इकॉनॉमिक्स कळत नाही" असं म्हणू नकोस. त्यावर कोणताही शिक्षक "नीट अभ्यास कर" एवढंच म्हणेल, मीही तेच म्हणते. "सर, टक्केवारीने लवचिकता काढता येते, पण वक्रावरच्या एका बिंदूपाशी कशी काढायची तिथे अडले" असं म्हण. तो गोल केलेला कागद समोर ठेव. शिक्षकाला असा प्रश्न आला की तो खुर्ची पुढे ओढतो, हे मी खुर्चीच्या अलीकडच्या बाजूने सांगतेय. इंग्रजी अडखळलं तर मराठीत विचार.

ग्रंथपालांशी ओळख कर. जुन्या प्रश्नपत्रिका कुठे ठेवलेल्या असतात ते त्यांनाच माहीत असतं. विद्यापीठाच्या आवारात कधी गेलीस तर जयकर ग्रंथालय बघून ये, पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या नावाचं. रोज जायचं म्हणून नाही, अशीही जागा असते हे बघायला. एखादी सीनियर शोध, शक्यतो आपल्यासारखी मराठी शाळेतून आलेली. कुठल्या नोट्स झेरॉक्स करण्याच्या लायकीच्या आहेत हे ती एका वाक्यात सांगेल.

तुझ्या रूम पार्टनरचं फीचं अडलंय म्हणालीस. तिला म्हणावं, कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जाऊन महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायची शेवटची तारीख आजच विचार, आणि उत्पन्नाचा दाखला गावाहून मागवून ठेव. दरवर्षी पोरांचे अर्ज पात्रतेत कमी, कागदांत जास्त अडकतात. कमवा आणि शिका योजनाही आहे, ग्रंथालयात किंवा ऑफिसात ठरावीक तास काम करायचं. त्यात कमीपणा कसला? सातारचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 साली कर्मवीरांनी काढलं तेच या पायावर, आणि तुझे आजोबा तिथे काम करून शिकले. राहण्याची अडचण असेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीत चौकशी करायला सांग. डॉ. अच्युतराव आपटे यांनी ती 1955 साली खेड्यातून पुण्याला येणाऱ्या मुलांसाठीच सुरू केली.

एक शेवटचं, ते मोजकंच लिहिते. नुसता अभ्यास नाही, मनच लागत नाही, झोप येत नाही, खायची इच्छा होत नाही असं काही दिवस चाललं तर कॉलेजात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा सरकारचा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. रॅगिंगसारखं काही दिसलं, तुझ्याशी किंवा दुसऱ्या कोणाशी, तर 1800-180-5522. दोन्ही नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेव. लागतीलच असं नाही. आणि मला आधी सांगितलं नाहीस म्हणून मी रुसणार नाही. आईला सांगता येत नाही असं काही असतं, मलाही होतं.

शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया दहिवडीहून येणाऱ्या शेजारच्या काकूंबरोबर पाठवतेय. मेसच्या भाजीबद्दल त्याहून जास्त काही करता येणार नाही.

सरांना भेटून आलीस की ते काय म्हणाले ते लिही, फोनवर नको, लिहूनच. पुढची इंटर्नल कधी आहे तेही. बाबा म्हणतात, पोरीला गुण विचारू नकोस. ते विचारणार नाहीत. मी विचारणार.

तुझी,
आई