फरशीखालचे पाणी किती गरम असावे?

संपादक महोदय,

फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवताना पाणी जितके गरम तितके बरे, हा समज चुकीचा आहे. फरशीला साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसचे पाणी पुरते. राहत्या खोलीत पृष्ठभाग २९ अंशांच्या आणि न्हाणीघरात ३३ अंशांच्या वर जाऊ नये, असा युरोपीय मानकाचा दंडक आहे. टॉवेल गरम करणाऱ्या दांड्यांचा पृष्ठभाग लहान असल्याने त्यांना बहुधा याहून गरम पाणी लागते. आमच्याकडे दोन्हींकडे एकच पाणी सोडले होते. टॉवेल छान वाळत, पण अनवाणी पाय फरशीवर टेकवत नसे आणि लाकडी जमिनीला फटी पडू लागल्या. गरम पाण्यात थंड झालेले पाणी मिसळून तापमान कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून फरशीचे पाणी वेगळे केल्यावरच हा त्रास थांबला. जोडणी करणाऱ्यांनी हे आधीच सांगायला हवे.

– एक वाचक