शिऱ्याला फोन तू कर

प्रिय सुध्या,

आली! डेपेश मोडची 'अ क्वेश्चन ऑफ लस्ट' कॅसेट आली. साधी नव्हे, १९८६ची, सीबाँग ११ कॅटलॉग क्रमांकाची, बॅज आणि पुस्तिकेसकट. पुस्तिका कोरी करकरीत, बॅजची पिन तेवढी गंजलीय. घरात सांगितलं तर "अजून एक?" एवढंच ऐकू येईल, म्हणून तुला लिहितोय.

गुडघा बरा आहे. पुढे ऐक.

कॅसेट उजेडात धरली आणि पोटात गोळा आला. आतला फेल्टचा पॅड सुटलाय. तांब्याच्या पट्टीवर वाळलेल्या गोंदाचा पिवळा डाग आहे आणि पॅड कोपऱ्यात पडलाय. पॅडने टेप हेडवर दाबून धरली नाही की आधी वरचे सूर जातात, मग आवाज कमी-जास्त व्हायला लागतो. आणि या गाण्यात मार्टिन गोर गातो रे, नेहमीचा गायक डेव्ह नाही. त्याचा आवाज असा घोगरा ऐकायचा?

बॉडीला स्क्रू नाहीत. जोडात पातं घालून उघडली तर कडा तुटणार. टेप दुसऱ्या बॉडीत घालता येईल, पण मग छापलेली मूळ बॉडी रिकामी राहणार. वाजेल तिला सीबाँग ११ म्हणायचं का? फटीतून नवा पॅड चिकटवताना हात हलला तर टेपला घडी पडेल, आणि घडी पडलेल्या जागी आवाज कायमचा गेला. "कॅसेट वाजवायला असते, देव्हाऱ्यात ठेवायला नाही," हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. (तुझ्या डेकने खाल्ल्या तेवढ्या टेपा दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील, तरी वाक्य खरं आहे.)

मग शिऱ्याचा नाकामिची कॅसेट डेक आठवला! त्याचा हेड पुढे येताना पॅडला स्वतःच मागे ढकलतो, टेपचा ताण दोन कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्या, सांभाळतात. पॅड असला काय, नसला काय, त्या डेकला फरक नाही. सुटलेला तुकडा चिमट्याने काढायचा, बस. बॉडी उघडायलाच नको.

आता तुम्हा दोघांचं बघ. तुझ्या 'पर्सनल जीझस'चं पुठ्ठ्याचं वेष्टन त्याने फाडलं, मान्य. पण १९९५ला अ‍ॅलन वाइल्डर बाहेर पडल्यावर "आता ग्रुपमध्ये उरलं काय?" असं तू म्हणालास, ते त्याला फार लागलं होतं. अरे, १९८१ला विन्स क्लार्क ग्रुप सोडून गेला, तरी १९९०ला 'व्हायोलेटर' आलाच ना? २०२२मध्ये ग्रुपमधला फ्लेचर वारला त्या रात्री तुम्ही दोघांनी मला वेगवेगळे फोन केलेत आणि शब्दशः तेच बोललात. तेव्हाच एकमेकांना करायला हवे होतेत.

मी एकटा त्याच्याकडे जाऊ शकतो. पण तुझ्याशिवाय ही कॅसेट वाजवायची नाही, हे मी ठरवलंय. एकदाच वाजवू, तेव्हाच रेकॉर्ड करून घेऊ.

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? नवी नोकरी रुळली का? धाकटी पास झाल्याचं वहिनींकडून कळलं, तिला शाबासकी सांग.

शिऱ्याला शनिवारी सुट्टी असते. फोन तूच कर, आणि येताना तुझा बारीक टोकाचा चिमटा आण, माझा वाकलाय.

तुझा,
नंदू