टँकरच्या अर्थिंगकडे कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेट्रोल पंपांवरच्या सुरक्षेचा कालच्या अंकातला लेख वाचला. सगळा रोख मोबाइल आणि विडी-सिगारेटवर. त्यांवर बंदी हवीच. पण पंपावर राबणाऱ्या पोरांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो इंदूरजवळच्या मांगलियाच्या तेल डेपोतून आलेला टँकर खाली होताना, आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. हे वाचून संताप आला.

जमिनीखालच्या टाकीत 12,000 लिटर पेट्रोल उतरलं की जवळपास तेवढीच पेट्रोलच्या वाफेची हवा व्हेंट पाइपातून बाहेर पडते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती मॅनहोलच्या खड्ड्यात, गटारीत, उभ्या गाडीखाली साचते. हवेत दीड टक्का वाफ असली तरी एक ठिणगी पुरते. टँकरच्या नळीतून (होजमधून) पेट्रोल वेगाने वाहताना स्थिर वीज तयार होते आणि टायर रबराचे असल्याने ती जमिनीत उतरत नाही. म्हणून होज जोडण्याआधी टँकरला अर्थिंगची, म्हणजे ही वीज जमिनीत उतरवणाऱ्या वायरची, क्लिप लावायची, आणि होज काढून झाकणं बंद झाल्यावरच ती सोडायची.

बऱ्याच ठिकाणी ही क्लिप मडगार्डला, रंगावरच अडकवलेली दिसते. तशी लावली काय आणि न लावली काय, सारखंच. टँकरला त्यासाठी उघड्या धातूची जागा दिलेली असते, ती घासून स्वच्छ ठेवा. वायरचं दुसरं टोक अर्थ पिटपाशी (वायर जमिनीत उतरते त्या खड्ड्यापाशी) बोल्टने कसलेलं असतं, तिथे हिरवा थर चढतो, तोही काढा. आपली माळव्याची काळी माती मे महिन्यात भेगाळते, पिटमध्ये पुरलेल्या धातूच्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो. उन्हाळ्यात पिटमध्ये नेमाने बादलीभर पाणी ओतायला खर्च तो काय? या रेझिस्टन्सचं रीडिंगही भर उन्हाळ्यातच घ्यावं. पावसाळ्यातलं रीडिंग चांगलंच येतं, त्यावर वर्षभर विसंबणं घातक आहे.

टँकर उभा राहिला की इंजिन आणि मास्टर स्विच बंद, चाकांना ठोकळे, पेट्रोल उतरतंय त्या टाकीवरची नोझलं बंद, आणि आग विझवायच्या पावडरची 9 किलोची दोन सिलिंडरं टँकरपाशी. मॅनेजरच्या कुलूपबंद खोलीत ती काही कामाची नाहीत. पावडरचे ओलीने गठ्ठे होतात, तेही पाहायला हवं. ड्रायव्हरने व्हॉल्व्हजवळून हलू नये. होज निसटला तर पहिल्या क्षणी व्हॉल्व्ह बंद करणारा तोच असतो. आणि टँकर खाली झाल्या झाल्या डिप रॉड (पेट्रोलची पातळी मोजायची काठी) टाकीत घालू नये. पेट्रोल स्थिरावायला, स्थिर विजेचा चार्ज उतरायला काही मिनिटं द्यावीत.

आणखी एक. 1 ऑगस्ट 2025 पासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा आदेश इंदुरात निघाला. हेल्मेट घालायलाच हवं, पण लोकांना अडवायचं काम नोझल धरलेल्या पोराच्या गळ्यात का? तो हुज्जत घालत असताना दुचाकीची टाकी काठोकाठ भरते आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. अडवायचंच असेल तर पंपाच्या तोंडाशी वेगळा माणूस उभा करा. नोझलवाल्याचं लक्ष नोझलवरच राहू द्या.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर